घोरपडीची पाटी

मंगळवार, ४ मार्च

नाव ठरलं. नव्या विजेच्या गाडीला ‘घोरपड’च म्हणणार. प्रचार विभागाच्या साहेबांनी आज बैठकीत पक्कं केलं. बाबांची घोरपड! ती जुनी जीपगाडी बंद केली तेव्हा ‘आता कोण घेतं हा खटारा’ म्हणणारे हेच. आता म्हणे वारसा.

जाहिरातीचा मजकूर माझ्याकडे, शुक्रवारपर्यंत. पहिलं वाक्य साहेबांनीच दिलं — ‘तोच चढ, तीच घोरपड.’ मी विचारलं, चढावर नेली कधी? तर म्हणाले, फिल्ममध्ये आहे ना. फिल्म कॉम्प्युटरवर केलेली आहे! डोंगर खोटा, चिखलसुद्धा खोटा.

बुधवार, ५ मार्च

अजून धुमसतेय.

कारखान्यामागचा तो चढ अजून तसाच आहे. बाबा तिथे चाचणीचे ड्रायव्हर होते. प्रत्येक घोरपड चढाच्या अर्ध्यावर थांबवायची आणि तिथूनच पुन्हा वर काढायची. वीतभर जरी मागे आली तरी परत कारखान्यात. वर पोचली की बाबा खाली उतरून स्वतः मागे नावाची पाटी बसवत. स्क्रू दुसऱ्या कुणाला आवळू देत नसत. तोवर तिला नाव नसे.

गुरुवार, ६ मार्च

कमाल आहे! साहेबांनी मला न सांगता घरी फोन केला. सोमवारी समारंभात, मंचावर, बाबांनी नव्या गाडीला पाटी बसवायची. आणि बाबा हो म्हणाले! कोट इस्त्रीला गेलासुद्धा. बाबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, गाडी मात्र कुठेच चढवली नाही.

ते तुम्हाला शोभेला ठेवताहेत, असं मी बाबांना तोंडावर बोलले. आई म्हणाली, “इतकी वर्षं कुणी विचारलं नाही त्यांना. मिरवू दे की जरा.”

आईचाही राग आला. जेवले नाही.

शुक्रवार, ७ मार्च

मजकूर वेळेत दिला, पहिलं वाक्य गाळून. साहेबांनी परत घातलं. ऑफिसात माझा आवाज कधी वाढत नाही. आज वाढला. शिपायाने हळूच दार ओढून घेतलं.

शनिवार, ८ मार्च

बाबांनी साहेबांना कळवलं — आधी चढ, मग पाटी. साहेब हसले म्हणे, काका, आता त्याची गरज नसते. बाबांनी विचारलं, “मग पाटीला तरी माझी काय गरज?”

शाब्बास!

साहेबांचा नाइलाज झाला, पत्रिकेवर बाबांचा फोटो छापून झालाय. उद्या गाडी चढावर आणणार. येऊ दे. अर्ध्यावरून घसरेल, आणि ते मी लिहीन. नोकरी गेली तर गेली.

रविवार, ९ मार्च

बाबांनी गाडी अर्ध्यावर थांबवली. ब्रेकवरचा पाय काढला. तसूभर मागे आली नाही. मग आवाजही न करता वर गेली. साहेबांचंच तोंड उघडं राहिलं.

बाबा वरती बराच वेळ आतच बसून होते. मी धापा टाकत पोचले. म्हणाले, “चढली गं. पण मला काही करावंच लागलं नाही.”

उद्या पाटी बसवणार आहेत. कोट नको म्हणाले. स्क्रू मी धरायचे.