कोष्टकातली तिसरी ओळ

प्रिय भार्गवी,

गेल्या गुरुवारी दुपारपाळी होती, म्हणून सकाळी पूजा उरकून तू दिवाळीत इथं विसरलेलं पुस्तक मी उघडलं. कॉम्प्युटरच्या पहिल्यावहिल्या भाषा कशा घडल्या, त्याचं. अल्गोल नावाच्या साठ सालच्या भाषेपाशी आलो आणि थांबलोच. तिच्यात 'आणि', 'किंवा', 'नाही' यांच्या जोडीला 'जर-तर'लाही स्वतःचं चिन्ह होतं, खाली वाक्य कधी खरं, कधी खोटं ते सांगणारं चार ओळींचं सत्यता कोष्टक. अगं, हे तर आमचं बारावीचं तर्कशास्त्र! खऱ्याखोट्याचं गणित ज्यांनी प्रथम मांडलं, त्यांच्यापुढं यंत्रच नव्हतं. त्यांची चिन्हं पुढं यंत्राची भाषा झाली, हे वाचून मी एकटाच हसत बसलो. देव प्रसन्न झाला का, असं तुझ्या आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

त्यातली तिसरी ओळ बघ. 'जर' खोटा, 'तर' खरा, तरीही अख्खं वाक्य खरं. बारावीच्या पेपरात मी तिथं 'असत्य' लिहिलं आणि त्यावरची पुढची सगळी उदाहरणं चुकली. शंभरात एकतीस.

परीक्षेआधी मी स्वामींना बोललो होतो, पास झालो तर अक्कलकोटला चालत येईन. निकाल असा लागला, तरी दुसऱ्या दिवशी निघालो. वाटेत वर्गातल्या तिप्पण्णानं सायकलवरून गाठलं. "नापास झाल्यावर कसला नवस फेडायलास रं?"

"पास झालो तर येतो म्हणलो हुतो. नापास झालो तर येणार न्हाय, असं कुटं म्हणलो हुतो?"

तो हसत सायकलवरून उतरला आणि देवळापर्यंत बरोबर चालत आला. जे रस्त्यात सहज तोंडून निघालं, तेच पेपरात चुकलं होतं. हे कळायला मला तीस वर्षं लागली, पण कळलं तेव्हा फार आनंद झाला.

आता खरं सांगतो. मी बारावी झालो आणि घरच्या अडचणीनं शिक्षण सुटलं, असं तुला सांगत आलो. अडचण खरी होती, बारावी झालो हे खोटं. 'आणि'नं जोडलेल्यातली एक बाजू खोटी असली की अख्खं वाक्य खोटं होतं, ते तुला मी सांगायला नको. तू पहिली आलीस तेव्हा सगळे म्हणाले, पोरीनं बापाचं डोकं घेतलंय. मी पेढे वाटत राहिलो. तुझ्या मनातून उतरेन, या भीतीनं आजवर गप्प होतो.

काल कॉलेजात गेलो. खिडकीतल्या बाईंनी मुलाचं नाव विचारलं. मी माझंच सांगितलं, मागच्या निकालापुढं 'नापास' लिहिलं आणि बारावीचा फॉर्म भरून आलो.

तुझाच,
अप्पा