भरल्या नाकानं उडी

बाबा,

आज बुधवार आहे आणि संध्याकाळी पाचच्या आत मला एक फोन करायचा आहे. शनिवारी मी विमानातून उडी मारायला येणार की नाही, एवढंच कळवायचं आहे. दहा हजार फुटांवरून, पाठीला एक शिकवणारा माणूस बांधून, आधी अर्धा मिनिट दगडासारखं आणि मग छत्रीखाली तरंगत. मध्य प्रदेशातल्या एका छोट्या धावपट्टीवर हिवाळ्यात थोडे दिवस हे चालतं. मी तीन महिन्यांपूर्वी नाव नोंदवलं, उद्या सकाळची दुर्गहून गाडी आहे, बॅग भरून दाराशी ठेवली आहे, आणि रविवारपासून मला सर्दी झाली आहे. साधी, घरगुती, नाक लाल करणारी सर्दी. तुम्ही जिला कधी आजार मानलं नाहीत, ती. आता दोन वाजलेत. तीन तास हातात असले की मी लिहायला बसते, ती सवय नोकरीनं लावली. मराठीत लिहिते आहे, कारण आयुष्यभर पोटासाठी हिंदीत बातम्या लिहिल्या, आणि हिंदीतलं पत्र तुम्ही ऑफिसचा कागद समजून बाजूला ठेवाल.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. आधी उडीलाच नावं ठेवाल. धडधाकट विमानातून कोण बाहेर पडतं, असं विचाराल. पण एकदा मी सांगितलं की नाव दिलं आहे, तिकीट काढलं आहे, की तुमचं सगळं बोलणं फिरेल. ठरलं म्हणजे ठरलं. वैनगंगेकाठच्या गावातून तुम्ही भिलाईला आलात ते हेच घेऊन आलात, की धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, कुणाच्या सर्दीसाठी थांबत नाही. चिखल तयार आहे, पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून ठेवले आहेत, पाऊस पडतो आहे, तर तापात का होईना, वाकायचं. शेत सुटलं, वाकणं सुटलं नाही. पोलादाच्या प्लांटमध्ये तुम्ही तेच चालवलंत. एका वर्षी एकही गैरहजेरी नाही म्हणून तुम्हाला सगळ्यांसमोर बोलावून स्टीलचा डबा दिला होता. तो तुम्ही मला दिलात. नवीन, तीन पुडांचा, झाकणावर प्लांटचं नाव कोरलेला. मी तो शाळेत मिरवला. सहावीत मला शंभरावर ताप होता आणि तिमाही परीक्षा होती, तेव्हा तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, ‘‘नाक वाहून राह्यलं त वाहू दे. पाय त चालून राह्यले ना?’’ मी गेले. पहिली आले. त्यामुळे तुमचं खरं ठरलं, आणि हे वाईट झालं.

मग ते विमान. मी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तुम्हाला बढती मिळून विमानाचा हक्क पहिल्यांदाच लागू झाला होता, आणि एलटीसीचा, म्हणजे प्लांटच्या खर्चानं फिरायला जायच्या सवलतीचा, ब्लॉक डिसेंबरअखेर संपत होता. भिलाईत न वाढलेल्या माणसाला हे समजावणं कठीण आहे. आमच्या कॉलनीत लग्नं, बारशी, मुलांच्या परीक्षा, सगळं एलटीसीच्या ब्लॉकभोवती बसवलं जायचं. ब्लॉक वाया घालवणारा माणूस म्हणजे पिकलेलं शेत उभं सोडून गावाला जाणारा माणूस. आमच्या रुआबांध्याच्या क्वार्टरमध्ये आठ दिवस तयारी चालली. आई चिवडा करते आहे, तुम्ही होल्डॉलचे पट्टे तपासता आहात, आणि मी पलंगावर डोक्याला रुमाल बांधून बसले आहे. माझे दोन्ही कान बंद आहेत. आई म्हणाली की पोरीचं डोकं भरलं आहे, पंधरा दिवसांनी जाऊ. तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. ‘‘पंधरा दिवसानं ब्लॉक लॅप्स होते. सर्दीसाठी कोनी अंदमान सोडते काय?’’

हावड्यापर्यंत गाडी, तिथून विमान. वर जाताना काही झालं नाही. मी खिडकीतून ढग पाहिले आणि आईला दाखवले. उतरायला लागलं तेव्हा डाव्या कानात आधी दडपण आलं, मग कुणीतरी सळई तापवून हळूहळू आत ढकलत असल्यासारखं झालं. मी तुमचा हात धरला. तुम्ही म्हणालात, थूक गीळ. मी गिळत राहिले. नंतर आत काहीतरी फुटलं, कळ एकदम थांबली आणि मानेवर ओलं लागलं. तुम्ही ते पाहिलंत. उतरलं की कान आपोआप खुलते, म्हणालात. चार दिवस मी कानात कापूस घालून समुद्र पाहिला. परतीच्या विमानातही तशीच बसले. घरी आलो तोवर पू झाला होता, आणि डॉक्टर म्हणाले की आठ दिवस आधी आणायला हवं होतं. पडदा पुढे भरून आला. डाव्या कानानं ऐकणं मात्र परत आलं नाही.

त्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. चाळीस वर्षांनी मी हे लिहिते आहे तेव्हा पुन्हा तपासून पाहिलं, की माझ्या आठवणीतून काही निसटलं तर नाही. नाही निसटलं. एक शब्द नाही. तुम्ही फक्त बाजू बदललीत. जेवायला तुमची जागा दाराकडे तोंड करून होती, ती सोडून माझ्या उजवीकडे बसायला लागलात. बाजारात जाताना उजवीकडून चालायचात. मामेभावाच्या लग्नात तुम्ही कुणाशी तरी बोलत माझ्या डावीकडे येऊन उभे राहिलात आणि मग अर्ध्या वाक्यात माझ्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलात. समोरचा माणूस गोंधळला. मला कळलं. खूप वर्षं मी तेवढ्यावर भागवलं. बाप असाच माफी मागतो, असं मी मैत्रिणींना सांगितलं, एकदा एका लेखातही लिहिलं, आणि लोकांना तो लेख आवडला. आज सांगते, बाबा, ते पुरेसं नव्हतं. तुम्ही चांगले होतात, मला शिकवलंत, वर्तमानपत्रात नोकरीला पाठवताना सगळ्या नातेवाइकांशी भांडलात. तरी ते पुरेसं नव्हतं. ‘चुकलो’ एवढं म्हणायला ब्लॉक लागत नाही.

एका कानावर मी तीस वर्षं बातमीदारी केली. पत्रकार परिषदेत डाव्या टोकाची खुर्ची धरायची, म्हणजे उजवा कान मंचाकडे येतो. फोन उजव्या कानाला, म्हणून पेन डाव्या हातात. डाव्या हातानं लिहायला मी बाविसाव्या वर्षी शिकले. आणि गंमत अशी की एवढं होऊनही मी तुमचीच मुलगी राहिले. कावीळ अंगात असताना निवडणुकीची रात्रपाळी केली, घसा बसला तर कागदावर लिहून प्रश्न विचारले. कुणी रजा मागायला आलं की माझ्या कपाळावर आठी यायची. एका उपसंपादक मुलीला मी म्हणाले होते, सर्दीच तर आहे ना. ती जाऊन आपल्या जागेवर बसली. मी कुणाच्या तोंडचं बोलते आहे हे तेव्हाच मला ऐकू आलं होतं. दोन्ही कानांनी.

उडी कशासाठी, हे तुम्ही विचाराल. त्या अंदमानानंतर मी विमानात बसले नाही. दिल्लीची आमंत्रणं आली, गाडीनं गेले. एकदा आकाशातून खाली येताना माझं काहीतरी गेलं, आणि तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. मला एकदा माझ्या मर्जीनं खाली यायचं होतं. बस, एवढंच. कानाच्या डॉक्टरांना आधी दाखवलं होतं. नाक-कान मोकळे असतील तर हरकत नाही, म्हणाले होते, पण त्या दिवशी सर्दी असेल तर अजिबात नाही. काल नेहरू नगरच्या त्यांच्या दवाखान्यात पुन्हा गेले. त्यांनी समजावून सांगितलं की नाकापासून कानापर्यंत एक बारीक नळी असते, सर्दीनं ती सुजते. वर जाताना कानातली हवा कशीतरी बाहेर पडते, पण खाली येताना बाहेरची हवा आत शिरायला वाट मिळत नाही, आणि अर्ध्या मिनिटात पाच हजार फूट खाली येणाऱ्या माणसाचा पडदा ते सोसत नाही. मी विचारलं, नाकात औषध मारून गेले तर? ते म्हणाले, औषधाचा असर वरच उतरला तर काय कराल? तिथं जिना नसतो. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, ‘‘उजवा एकच उरला आहे तुमच्याकडे.’’

हे सगळं माहीत असून मी फोन केला नाही. काल केला नाही, आज सकाळी केला नाही. दर अर्ध्या तासानं स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहते, नाक चिमटीत धरते, तोंड मिटून हळूच फुंकर मारते. उजवा कान खुलला की टक् असा आवाज येतो. तो काही येत नाही. चारदा वाफ घेतली. ओव्याची पुरचुंडी शेकून हुंगली. आणि मनात बातमीदाराचा हिशेब चालूच आहे, की शनिवारपर्यंत अजून अडीच दिवस आहेत, वेळ आहे. साठी पूर्ण व्हायला सहा महिने उरलेत. साठीनंतर त्यांना जास्तीची पत्रं, जास्तीच्या तपासण्या लागतात, आणि कदाचित ते नाहीच म्हणतील. म्हणजे यंदाचा हंगाम गेला तर गेलाच, असं समजून चालायचं. बघा, माझाही ब्लॉक लॅप्स होतो आहे.

शेजारची निवृत्त गणिताची बाई माझ्याबरोबर उडी मारणार आहे. मला तीच या भानगडीत घेऊन गेली. तिची माणसं गोंदियाकडची, त्यामुळे तिच्याशी बोलताना मी रुआबांध्यात असते. दुपारी जेवण आटोपून ती आली, माझा टॉवेल आणि वाफेचं भांडं बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘‘अवो, उडी काय नाकानं माराची हाये? मांगून तो पोट्टा बांधलेला रायते. आपल्याले फक्त लटकाचं.’’

मी तिला डॉक्टरांचं सांगितलं. ती म्हणाली की डॉक्टर लोकांचं कामच आहे नाही म्हणायचं. मी म्हटलं, तिथं फॉर्म आहे, त्यात सर्दी आहे का असं स्पष्ट विचारलं आहे. ‘‘फॉर्म में कौन सच लिखता है,’’ ती म्हणाली आणि हसली. मग हसू थांबवून मला नीट बघत म्हणाली, ‘‘भेली काय? भेली असशील त सांग ना बापा. त्यात कायची लाज?’’

ती निघून गेली आणि मी हे पत्र लिहायला घेतलं. तिचा प्रश्न मला टोचला, ती वाईट बाई नाही म्हणून जास्तच टोचला. भ्याली म्हणवून घेण्यापेक्षा लोक काय काय करतात ते मी तीस वर्षं लिहिलं आहे. तिच्या प्रश्नामागून तुम्ही बोलत होतात. पाय चालताहेत ना, मग चल. आणि मी उठून जवळजवळ गेलेच होते, बाबा. नाकाचं औषध पर्समध्ये टाकलं होतं. फॉर्मवर ‘नाही’ लिहायचं, हे ठरलं होतं.

मी जाणार नाही. हे मी तुम्हाला ठणकावून सांगते, कारण जिवंतपणी तुमच्यासमोर असं कधी बोलले नाही. मला सर्दी झाली आहे, आणि सर्दी हे कारण आहे. पूर्ण, स्वतंत्र, पुरेसं कारण. त्याला तापाची, रक्ताची, मरणाची जोड लागत नाही. जे ठरलं ते मोडता येतं. पिकाचं मला माहीत नाही, शेत मी पाहिलं नाही, पण माणसाच्या कानापेक्षा कुठलाही ब्लॉक मोठा नाही. आणि सर्दी गेली की मी पुन्हा नाव देणार. साठीनंतर त्यांनी दहा कागद मागितले तर अकरा देईन. हेही तुम्हाला पटणार नाही. तुमच्या हिशेबात एकतर जायचं असतं किंवा सोडायचं असतं. थांबायचं, हे तुमच्या यादीत नव्हतंच. माझ्या यादीत ते मी आज घातलं.

मध्ये उठले होते. चार चाळीसला फोन केला. तिकडचा मुलगा सभ्य होता. मी येत नाही म्हटल्यावर त्यानं कारण विचारलं, त्यांना लिहून ठेवावं लागतं म्हणाला. एवढं सगळं वर लिहून झालं होतं, सर्दी हे पुरेसं कारण आहे वगैरे, पण फोनवर ते शब्द पटकन येईनात. तो थोडं हसून म्हणाला, ‘‘मैडम, डर तो नहीं गईं?’’ आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘नहीं, पिताजी ने मना किया है।’’

माझी जन्मतारीख त्याच्यासमोर असणार. तरी तो अगदी अदबीनं म्हणाला, ‘‘फिर तो ठीक है मैडम। बड़ों की बात माननी चाहिए।’’

तीस वर्षांत मी कुणाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं नाही. मंत्र्याच्या नाही, चोराच्याही नाही. आज तुमच्या घातलं. तुम्ही नाही म्हणाला नव्हतात. हे पत्र कुठे जाणार नाही, त्यामुळे तुमच्याकडून खुलासाही यायचा नाही. पण कबूल करते, ते खोटं बोलताना माझा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, आणि फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटलं.