आत या म्हटल्याशिवाय

दि. ६ जुलै

चि. ठमीस,
मावशीचे अ. उ. आ.

तू पाठवलेलं पुस्तक पोचलं. मुखपृष्ठावरचा तो पांढराफटक तरणाबांड व्हॅम्पायर पाहून मी कपाळाला हात लावला. अख्खं आयुष्य कवळ्या करण्यात गेलेल्या बाईला असले सुळे दाखवू नयेत गं. त्या दातांनी त्याचं तोंडसुद्धा मिटणार नाही, चावणं तर लांबच. तरी वाचायला घेतलं, आणि काल त्याच्या नादात लॅबमध्ये मेणाचं भांडं करपवलं.

काय आवडलं सांगू? ती लोहारीण. तीनशे वर्षांचा तो व्हॅम्पायर राजपुत्र तिच्या दाराबाहेर ताटकळत उभा, आणि ती आधी आपलं जेवण संपवते, मग ताट विसळते. तिने ‘आत ये’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही, असा त्या लोकांचा नियम. ठमे, माझ्या खोलीत आजवर कुणी विचारून आलं नाही. तुझे आजोबा, मामा, मामाचे मित्र, सगळे थेट आत. आता कुठे ह्या दोन खोल्या माझ्या एकटीच्या झाल्यात. त्या नियमावर माझा जीव जडलाय.

खालच्या दुकानातले चष्मेवाले माझा चष्मा नीट करून द्यायला वर आले होते. त्यांनी दारातूनच पुस्तक पाहिलं आणि वाचायला मागितलं. मी दिलं, दारातूनच. पुढचा भाग धाड. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी

दि. २ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दुसरा भाग सोबत आहे. आमच्या वाचनालयात ह्या पुस्तकांवर बायकांच्या उड्या पडतात, म्हणून माझ्या नावावर काढून पाठवतेय. मेणाचे डाग पाडू नकोस. परवा एक आजीबाई मला म्हणाल्या, की प्रेमाच्या गोष्टी जन्मभर वाचल्या, पण नाही म्हणणारी आणि तरीही जिच्यावर कुणी रुसत नाही अशी बाई पहिल्यांदाच भेटली. मला तुझीच आठवण झाली.

पण चष्मेवाल्यांना तू दोन ओळींत गुंडाळलंस. मी तुझी भाची आहे, मला एवढ्यावर वाटेला लावू नकोस. सविस्तर लिही. तब्येतीला जप, आणि माझ्यावर माया आहे तशीच असू दे.

तुझी ठमी

दि. २४ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

सविस्तर ते काय लिहू. ते दर रविवारी येतात. चौकटीला हात टेकून उभे राहतात आणि तासभर लोहारणीवर बोलतात. त्यांच्या मते राजपुत्र फार मुखदुर्बळ आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब असते, एवढं त्यांनीच सांगितलं. माणूस सज्जन आहे. ‘बसू का’ असं एकदाही म्हणाले नाहीत, आणि तेच मला फार आवडतं. रविवारी सकाळपासून माझं लक्ष जिन्याकडे असतं, हे तुला म्हणून सांगते.

बोलवणार आहे मी आत. पण लगेच नाही. लोहारीण दोन भाग थांबते, तिसऱ्यात त्याला आत घेईलच. मीही तिसरा भाग वाचून झाल्यावर बोलवीन. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी थांबलंय, त्याची थोडी चैन करू दे. हसू नकोस, आणि लोभ कमी करू नकोस.

मावशी

दि. १५ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तिसरा भाग एका बाईंनी नेलाय आणि त्या परत करायचं नाव घेत नाहीत. तू मात्र त्याच्यावर अडून बसू नकोस. एक खुर्ची पुढे सरकवायला पुस्तक कशाला लागतं? रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही.

ठमी

दि. ११ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

चष्मेवाले गेले. दुकान विकलं, मुलीने त्यांना आपल्याकडे नेलं. तिचं घर तळमजल्यावर आहे. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, हे ती दुकान आवरायला आली तेव्हा मला तिच्याकडून कळलं. असल्या गुडघ्यांनी हा माणूस तीन मजले चढायचा आणि तासभर उभा राहायचा, आणि मी आत खुर्चीवर बसून कौतुकाने त्यांना पाहत होते.

पुस्तक परत करायला आले तेव्हा मी ‘आत या’ म्हटलं. खरंच म्हटलं गं. ते हसले आणि म्हणाले, की आता बसलो तर उठता यायचं नाही, खाली मुलगी गाडीत खोळंबलीय. पुस्तकातला तो नियम माझ्या मनात घर करून बसला होता, पण तो ज्याच्यासाठी केलेला, त्याला म्हातारपण नव्हतं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. फार वाईट वाटतंय.

जाताना त्यांनी तिसऱ्या भागाचा शेवट विचारला. मी वाचलाय असं त्यांना वाटलं. मी सांगितलं, की ती त्याला आत घेते. मग ते कठड्याला धरून सावकाश जिना उतरले.

तिसरा भाग वाचनालयात परत आला की मला पाठवू नकोस, तूच शेवट वाच आणि एका ओळीत कळव. घेते ना गं ती त्याला आत? तुझ्या लोभाची आता जरा जास्त गरज आहे.

मावशी