फीत बांधलेलं स्ट्रेचर

सर, काल मला माझ्याच शाळेची किळस आली. घरी बोललो तर बायको म्हणते, "नोकरी सांभाळा." म्हणून तुम्हाला लिहितोय, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

देवपूरच्या शाळेत मी आता खेळाचा मास्तर आहे. काल आमच्याकडे मुलींची कबड्डी होती. नवं कोरं स्ट्रेचर आणलेलं, पण मैदानाच्या कडेला नाही, स्टेजवर! झेंडूची माळ घालून, लाल फीत बांधून. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं ना! पाहुणे अजून नरडाण्यातच. तेवढ्यात नववीतली एक पोरगी पकडीत खाली आली आणि नडगीचं हाड मोडल्याचा आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. लगेच एक शहाणा पाय ओढून बसवायला धावला. त्याला ढकलून मी ओरडलो, "स्ट्रेचर आणा!" तर मुख्याध्यापकांनी काय म्हणावं? "भाऊ, जरा दम धरा. फीत कापायची राहिलीय. पाहुणे निघालेत."

थू! पोरगी मातीत तळमळतेय आणि यांना फितीची पडलीय.

मला पाचोऱ्याच्या आपल्या शाळेचं मैदान दिसतं. खो-खोत खांबावर आदळून माझा हात वाकडा झालाय, मोठी पोरं मला उचलायला बघतायत आणि तुम्ही धावत येताय. "बठ्ठा बाजूले व्हा! हात नका लावू त्याले!" सगळ्यांना बाजूला सारून, वर्गातली लाकडी पट्टी आणि तुमचं उपरणं घेऊन तुम्ही हात होता तसाच बांधलात. दवाखान्यात न्यायला दाराशी जीप उभी असल्याशिवाय तुम्ही सामन्याची शिट्टीच वाजवत नव्हता. आम्ही हसायचो तुम्हाला. मी रडत विचारलं, परत खेळेन ना? तुम्ही म्हणालात, "खेळशी रे, खेळशी."

काल मी स्टेजवर चढलो आणि फीत दातांनी तोडली. पोरीचा पाय लाकडी पट्ट्या लावून ओढणीनं बांधला, तिला दवाखान्यात नेलं. तिला खाटेवर घेतात न घेतात तोच मुख्याध्यापकांचा फोन. मला वाटलं, पोरीची चौकशी करतील. तर म्हणे, "स्ट्रेचर तेवढं परत पाठवा, पाहुणे आलेत. फीत दुसरी आणलीय." मी फोन कापला. तरी शिपाई रिक्षा घेऊन आलाच आणि स्ट्रेचर घेऊन गेला. थोड्या वेळानं शाळेच्या ग्रुपवर फोटो पडला. कात्री, फीत, दात काढून हसणारी बठ्ठी मंडळी. आणि स्ट्रेचरवर तिच्या अंगाची माती तशीच. झटकायचीसुद्धा लाज नाही वाटली.

फोटो बघत होतो तेव्हाच पोरीनं माझी बाही धरली. "सर, मी परत खेळेन ना?"

"खेळशील गं, खेळशील."

हा कागद काही पोस्टात टाकायचा नाही, म्हणून खरं सांगतो, सर. मला काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला तरी तेव्हा माहीत होतं का?