डाव्या हाताचा नमस्कार

आई,

गेल्या रविवारी आपल्या पिकअपचा गिअरबॉक्स बदलला. कुणाला मुद्दाम कळवावं असं ह्यात काही नाही. पण त्या गाडीचा दुसरा गिअर सहा वर्षं तू हातानं दाबून धरत होतीस, म्हणून तुलाच लिहावंसं वाटलं. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. गाडी अजून आहे, तुझ्यानंतर ओझं घेऊन घाटात मात्र गेली नाही. रंग उडालाय, मागचा फाळका दोरीनं बांधावा लागतो, पण इंजिन थंडीतसुद्धा पहिल्या चावीला उठतं. आबा ऐंशीला टेकलेत. माझ्याजवळ चिकलठाण्याला असतात. मी कारखान्यात गेलो की गॅलरीत बसून उतरणारी विमानं बघतात. श्रावणात एके दिवशी म्हणाले, "गाडी नीट कर. मला खुलताबादच्या मारुतीला जायचंय, अन् घाट उतरून परत यायचंय. आपल्याच गाडीत." मी म्हणालो, मित्राची कार आहे, आरामात नेतो. ते उठून गॅलरीत जाऊन बसले. आबांचा हट्ट तुला माहीत आहे.

पिशोरहून अद्रकीची पोती भरून शहरातल्या बाजाराला निघायचो ते दिवस मला आजही वासासकट आठवतात. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की तू चुलीवर पाण्याचा शिपका मारतेस, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधतेस, पदर खोचतेस आणि म्हणतेस, "चला, मही ड्यूटी लागली." शेजारीण ओट्यावरून हसते, "बाईमाणसाचा क्लीनर झाला गं!" आणि तू गाडीत चढता चढता म्हणतेस, "क्लीनरला चहा तरी पाजतात, मला नुसता धूर." आबा चालवायला, त्यांच्या डाव्या अंगाला तू, मध्ये गिअरचा दांडा. मी मागं पोत्यांवर, काचेला टेकून. खुलताबाद सुटलं की उतार लागायचा. आबा दुसरा टाकून "धर" म्हणायचे आणि तू उजव्या हातानं दांडा दाबून धरायचीस. हात सैल पडला की दांडा खट्कन उडायचा आणि भरलेली गाडी उतारावर मोकळी सुटायची. दौलताबादच्या दगडी दरवाजातून बाहेर पडेपर्यंत तुझा हात निघायचा नाही. उतार सुरू होताना तू मारुतीच्या दिशेला मान वळवून नमस्कार करायचीस, तोही एकाच हातानं, डाव्या. आबा चिडवायचे, "डाव्या हाताचा नमस्कार मारुती घेतो का?" तू म्हणायचीस, "उजवा कुठं गुतलाय ते त्याला दिसतंय की."

तो हात तिथं माझ्यामुळं गुंतला होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मी बावीस वर्षांचा होतो. लायसन नवं होतं. तू आणि आबा मामाच्या पोरीच्या लग्नाला एसटीनं गेला होतात. गाडीची चावी आबा देव्हाऱ्यात ठेवायचे. ती मी देवासमोरून उचलली आणि दोघा मित्रांना घेऊन पैठणला गेलो. तुला दोघंही माहीत आहेत, शाळेत एकाच बाकावर बसायचो. एक तेव्हा गॅरेजात शिकत होता, दुसऱ्याला मास्तर व्हायचं होतं. आम्ही धरण बघितलं, नदीत पाय बुडवले, नाथांचं दर्शन घेतलं. परत येताना दौलताबादचा घाट चढतोय, पुढं एसटी आहे, आणि हे दोघं ओरडतायत, "काढ, काढ पुढं!" मी क्लच पुरता न दाबताच तिसऱ्यातून दुसरा कोंबला. गाडी किंचाळली. पुन्हा कोंबला. तिसऱ्या खेपेला बसला. आम्ही एसटीच्या पुढं गेलो आणि खूप हसलो. घरी येईतो दुसरा गिअर दोनदा आपोआप उडाला होता. मी चावी देव्हाऱ्यात होती तशी ठेवली आणि हात जोडले.

तुम्ही लग्नाहून आलात. एक दिवस मध्ये गेला आणि आबांनी गाडी काढली. गल्लीच्या तोंडालाच त्यांना कळलं. परत आले, दार उघडं टाकून खाली उतरले आणि विचारलं, "गाडीला कुणी हात लावला?" मी गोठ्याच्या दारात होतो, हातात बादली. मी तोंड उघडलं होतं, आई, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तुझा आवाज आला. "महाच पाय लागला व्हता. मागल्या खेपेला उतरताना दांड्यावर पडले." आबांनी तुझ्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "तुह्या पायानं बिघडलं ना, तर आता तूच धर." बॉक्स उतरवायचा म्हणजे गाडी आठवडाभर उभी, आणि काढलेली अद्रक थांबत नाही. ह्या हंगामानंतर बघू, पुढच्या हंगामानंतर बघू, असं करत सहा वर्षं गेली. मी स्वतःला पटवलं की तुझा पाय खरंच लागला असेल. देवानं वाचवलं असंही मनात म्हणालो. देव किती सोयीचा करून घेतो माणूस. आबांनी मला घाटात गाडी कधी दिली नाही. का, ते मीही विचारलं नाही. तुझ्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात तुझा उजवा हात माझ्या हातात असायचा. अंगठ्याच्या बुडाशी घट्टा होता. त्यावरून बोट फिरवत मी तुझ्याशी पावसापाण्याचं बोलायचो.

तर रविवारी तेच दोघं होते. एकाचं आता जालना रोडला स्वतःचं गॅरेज आहे, आम्ही त्याला मिस्त्री म्हणतो. दुसरा खरंच मास्तर झाला. भंगारातून ह्याच गाडीचा चांगला बॉक्स मिस्त्रीनं शोधून ठेवला होता. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, जुनं तेल काढलं. काळं तेल, त्यात लोखंडाची चमक. मिस्त्री आणि मी गाडीखाली, मास्तर पाने द्यायला.

"बारा-तेरा दे," मिस्त्री म्हणाला. मास्तरानं चौदा-पंधरा दिला. "अरे यार, पोरांना पाढे शिकवतो ना तू? बारा-तेरा!"

"आमच्या शाळेत पाने नाय शिकवत."

"म्हणून तर तुही पोरं मह्या गॅरेजात येतात."

गिअरचा दांडा वरून, केबिनमधून काढावा लागतो. मी वर गेलो. दांड्याभोवतीचं रबर उचललं तर धुळीत काहीतरी हिरवं चमकलं. तुझ्या बांगड्यांचे तुकडे. पाच-सहा असतील. मिस्त्री खालून ओरडत होता, "झोपला का रं वर?" मी खाली येईना म्हणून दोघं येऊन बघून गेले. पुन्हा कुणी ओरडलं नाही. मग आम्ही जुना बॉक्स जॅकवर झेलून हळूच खाली घेतला, आणि चहा येईतो मिस्त्रीनं तो उघडला. दुसऱ्या गिअरचे दाते झिजलेले नव्हते, कुरतडल्यासारखे तुटलेले होते. तो बोटानं चाचपत म्हणाला, "काकूचा पाय लागला म्हणायचे ना? पायानं नाय होत हे. हे कोंबल्यानं होतं. अन् आबांनी उभा जन्म गाड्या चालवल्या, त्यांना काय कळलं नसंल?"

मास्तरानं चिंधीनं हात पुसले. मग म्हणाला, "काकूला म्या सांगितलं व्हतं."

"काय?"

"लग्नाहून आली त्याच्या दुसऱ्या सकाळी. हापशावर भेटली. म्हणली, गाडीत नदीची वाळू सांडलीया, पैठणला गेलते का रं तुम्ही? मला खोटं जमत नाय. म्हणलं, व्हय. मग गिअरचंही सांगून टाकलं. म्हणली, नाथाचं दर्शन तरी घेतलं का? म्हणलं, घेतलं. म्हणली, मग बास. अन् मला कळलंय हे त्याला बोलू नको. तो सांगंल आपणहून."

"आणि तू सत्तावीस वर्षं गप्प बसलास?"

"काकूनं नको म्हणलं व्हतं," मास्तर म्हणाला. एवढंच. जणू तू हापशावरून आत्ताच घरी गेली होतीस.

नवा बॉक्स चढवायला दुपार गेली. त्याचा पुढचा दांडा क्लचप्लेटच्या नेमक्या भोकात शिरावा लागतो. एकानं उचलायचं, एकानं हलवायचं, एकानं बघायचं. दोन वेळा बोटभर फट राहिली. जोर लावायला गेलो तसा मिस्त्री म्हणाला, "कोंबू नको. आता तरी कोंबू नको." तिघंही हसलो, आणि त्या हसण्यातच तो कसा कोण जाणे अलगद बसला. रबर लावताना बांगड्यांचे तुकडे मी होते तिथंच ठेवले. मिस्त्री म्हणाला, आवाज येईल. म्हणालो, येऊ दे.

आज शनिवार. सकाळी आबांना मारुतीला नेलं. नारळ फोडला. येताना ते तुझ्या जागेवर बसले होते. उतार लागला, मी दुसरा टाकला, आणि आबांचा हात आपोआप दांड्याकडं आला. मी म्हणालो, "आबा, राहू द्या. आता उडत नाही." त्यांनी हात काढला नाही. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग समोर बघत म्हणाले, "तुह्या आईच्या पायात एवढा जोर कुठून आला व्हता रं?"

"पाय तिचा नव्हता, आबा. मी होतो. पैठणहून येताना. ह्याच घाटात."

"माहीत हाय. पुढं बघ, दरवाजा आला."

दरवाजात समोरून ट्रॅक्टर येत होता, म्हणून थांबलो. आबांनी तेवढ्यात हात काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "मला दोन थापडा देऊन मोकळं व्हायचं व्हतं. तिनं नाय देऊ दिल्या. घाट लागला की दर खेपेला म्हणायची, आज सांगंल."

मी काचेच्या पलीकडं, पोत्यांवर बसलेला असायचो.

आता आबा झोपलेत आणि मी हे लिहितोय. पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्नच नाही. दुपारभर जरा हलकं वाटत होतं, सांगून टाकलं म्हणून. पण खरं बघितलं तर सगळ्यांना माहीत आहे हे कळल्यावर मी बोललो. ह्याला सांगणं म्हणत नाहीत. म्हणून मास्तराला, आबांना आणि तुलाही माहीत नाही असं एक सांगतो. नाथांच्या देवळाबाहेर मी तुझ्यासाठी साखरफुटाण्यांची पुडी घेतली होती. देवाच्या पायाला लावून आणली होती. चावी देव्हाऱ्यात ठेवली तेव्हा ती माझ्या खिशात होती. तुला दिली असती तर पैठण कळलं असतं. मी गोठ्यात गेलो, गाईकडं तोंड केलं आणि सगळे फुटाणे एकट्यानं खाल्ले. दर्शन घेतलं का, एवढं तू मास्तराला विचारलंस. मग प्रसाद कुठाय, हे मात्र तू कुणालाच विचारलं नाहीस.