राखणीचा डोह

३ मार्च, लातूर

कोकणातली रिळं मुंबईहून धुऊन आली. सहाच्या सहा. दिवेलागणीनंतर माडीवर पलंगपोस टांगून अण्णाला आणि वहिनीला दाखवली. वहिनी शेवटपर्यंत पदर नाकाला लावून बसली, जणू चादरीतून वास येतोय. अण्णा म्हणाला, "अक्का, आपल्या घरात अंडं आलं नाही कधी. अन् तू रिटायर होऊन मासोळ्यांचे पिक्चर काढायलीस!" म्हटलं, काढतेय, खात नाही.

रापण चांगली आली आहे. अर्धं गाव जाळ्याचा दोर ओढतंय, लाटा गुडघ्याला. डाव्या कोपऱ्यात माझा अंगठा. भाच्यानं अमेरिकेहून सिनेमाचा कॅमेरा पाठवला, अंगठा कुठे ठेवायचा ते कळवलं नाही.

टोपलीवाली बाई हसते ते रीळ दोनदा लावलं. तिनं विचारलं होतं, "तुमच्याकडे मासे कोण मारता?" मी तोऱ्यात म्हटलं, कोणी नाही, आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. ती हसली. "पाणी आसा थंय मारणारो आसताच." हसणं फिल्मवर आलं. वाक्य आलं नाही, पण ते माझ्याजवळ आहे. छत्तीस वर्षं भूगोल शिकवला मी.

८ मार्च

नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. तेही घटकाभर.

भांडी घासायला येते त्या कलावतीला सहज विचारलं. "आमच्या शिरूरकडं भोई हायत की. मांजरा नदीत जाळं टाकत्यात. बजारात मरळ येती ती काय आभाळातून पडती, बाई?" बाजाराच्या त्या टोकाला मी जन्मात गेले नाही. घरापासून दहा मिनिटं.

१२ मार्च

एसटीनं शिरूर अनंतपाळ, पुढं बैलगाडी, शेवटी पाय. गुडघ्यांनी निषेध नोंदवला.

नदी म्हणजे वाळू. मधेमधे डबकी. काठावर दहा-बारा घरं. त्यातले म्हातारे रखमाजी भोई, माझ्याच वयाचे असतील. चिंचेखाली जाळं विणत बसले होते. नदीत पाणी नाही आणि हे जाळं विणताहेत.

"मासे नसताना कशाला विणता?"

"मासं असल्यावर इनायला सवड कुटं असती, बाई?"

वर्गात असं उत्तर कुणी दिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं. नंतर शाबासकी दिली असती.

बायको गिरजाबाई. माहेर देगलूरकडचं. बोलताना मधेच तेलुगू येतं. तिनं माझे सँडल उचलून सावलीत ठेवले. चहा गुळाचा, बिनदुधाचा. त्यांच्या घरचा चहा घेतला हे वहिनीला सांगायचं नाही.

१९ मार्च

पुन्हा शिरूर. आज समजलं ते नीट लिहून ठेवते.

नदी आटली की डोह सुटे होतात. मग हे लोक एकेक डोह धरतात, वरून खाली, क्रमानं. पण महाशिवरात्र झाली की म्हातारी माणसं बसून एक डोह ठरवतात. तो राखणीचा. त्यात बाभळीच्या फांद्या बुडवतात, कुणी चोरून जाळं टाकलं तर काट्यात फाटावं. नवं पाणी येईपर्यंत त्यात हात घालायचा नाही. घरात पोर उपाशी असलं तरी नाही. उरलेल्या त्या मासळीवर पुढच्या सालची नदी.

आत किती आहेत ते मोजायचं नाही. बाहेरच्याला सांगायचं नाही.

गिरजाबाई म्हणाली, "भरल्या पोटाच्या हायत त्या. लेकुरवाळीला कोन मोजतंय?"

मी कॅमेरा काढला. रखमाजींनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "काढा. पर नवं पानी येईस्तोर कुनाला दावायचं न्हाई."

म्हटलं, शब्द.

आमच्या हैद्राबादच्या कॉन्व्हेंटात शब्द मोडला की दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे. मी एकदाच राहिले, चौथीत. त्या भिंतीवरचा ओलीचा डाग अजून काढून दाखवीन.

२६ मार्च

दोन रिळं. पहिल्यात जाळं विणणं, कोरडी वाळू, उपडी पडलेली होडी. दुसऱ्यात राखणीचा डोह. सकाळी गिरजाबाई शिळी भाकरी कुस्करून टाकते आणि तोंडानं "च्च च्च" करते. पाणी उकळल्यासारखं होतं. राहू वर येतात, पाठी दिसतात. कडेला मरळ तोंड वर काढून वारा खाऊन जाते. इतकी वर्षं "माशांना कल्ले असतात" एवढंच सांगितलं. मरळ वारा खाते हे पुस्तकात नव्हतं.

गिरजाबाईच्या स्वतःच्या घरात त्या दिवशी भाकरी दोनच होत्या. एक डोहाला गेली.

रिळं मुंबईला रवाना.

४ एप्रिल

नव्या जिल्ह्याची नवी कलेक्टर कचेरी. पाट्यांचा रंग वाळलेला नाही, कपाटं अजून यायची आहेत. टंचाईच्या यादीत भोयांची नावं नाहीत, म्हणून गेले. यादीत मच्छीमार म्हणून नाव असेल तर धान्य आणि जाळ्याचं सूत मिळतं. जिल्हा एकत्र होता तेव्हा नोंद होती. ते कागद जुन्या जिल्ह्याकडे राहिले.

टंचाईचे साहेब तरुण, पुण्याकडचे, बोलायला गोड. "मॅडम, लातूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मच्छीमार कुठून येणार?"

माझंच वाक्य. कोकणात माझ्या तोंडून निघालेलं, जसंच्या तसं. फार राग आला. त्याचा किती, माझा किती, ते वेगळं काढता येईना.

म्हटलं, "साहेब, नकाशावर बोट ठेवून मांजरा दाखवा." त्यांनी तेरणेवर ठेवलं.

"पुरावा आणा, मॅडम. नावं घालतो."

१८ एप्रिल

रिळं आली. एकटीनं पाहिली. जाळं विणण्याचं रीळ पुरे आहे. तेवढंच दाखवायचं.

२० एप्रिल

दुसरं रीळ पर्समध्ये का घातलं, हे मी निघताना स्वतःला विचारलं नाही.

कचेरीच्या भिंतीसमोर प्रोजेक्टर लावला. जाळं विणणारे रखमाजी. साहेब म्हणाले, "जाळं काय, कुणीही विणेल. मासे कुठे आहेत?" आणि हसले. हसले नसते तर.

दुसरं लावलं.

भाकरी पडली, पाणी उकळलं, पाठी चमकल्या. मी साहेबांकडे बघत होते, शिक्षिका बघते तशी, आता कळलं का? ते मासे बघतच नव्हते. पाणी बघत होते.

"एवढं पाणी? एप्रिलमध्ये? कुठे आहे हे?"

मी सांगितलं नाही. दारात उभ्या शिपायानं चिंच ओळखली. "साहेब, आमच्या शिरूरच्या पुढलंच हाय की."

घरी येऊन जेवले नाही. वहिनीला सगळं सांगितलं, कुणाला तरी सांगायला हवं होतं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पण अक्का, माणसांनी प्यायचं काय?"

 

२५ एप्रिल

शिरूर. पाणी उपसायचं इंजिन काठावर आलेलं, पाइप अजून टाकलेले नव्हते. टँकर चिंचेखाली. डोहातून पाच गावांना पाणी जाणार. अंदाजे आठवडाभर पुरेल. नंतर गाळ.

रखमाजींपुढे उभी राहिले. वाटेत दहा वाक्यं जुळवली होती. म्हटलं, "मी दाखवलं."

"हाव. कळलं."

गिरजाबाई म्हणाली, "बाई, तुमी भल्यासाठीच केलंत." ही बाई मला शिव्या घालती तर मी निदान उत्तर दिलं असतं.

रखमाजी इंजिनाकडे बघत होते. "गावं तान्हेली हायत. पान्याला न्हाई म्हनता येत न्हाई. आमच्या बापजाद्यांनी पखाली वाहिल्या. मासं हलवायला दोन दिस द्या म्हनावं. तेवढं बोला साहेबाला. आमचं ऐकत्यात व्हय कुनी?"

२६ एप्रिल

बोलले. कचेरीतले सगळे बाहेर येऊन उभे राहिले इतकं बोलले. दोन दिवस मिळाले. साहेब वरमले, मासे हलवायला ट्रकही देऊ म्हणाले. मोठी जिंकल्यासारखी शिरूरला निरोप घेऊन गेले.

मासे देगलूरकडच्या डोहात न्यायचे ठरलं होतं, पण रखमाजींनी ट्रक नको म्हटलं.

"ट्रकात पानी हिंदकळतंय, तापतंय. मासं आदळून मरतंय. खांद्यावर पानी हालत न्हाई."

"देगलूरपर्यंत खांद्यावर?"

"माझा आजा मेणा वहायचा. आत मामलेदारीन झोपायची. ती जागी झाली तर बिदागी नव्हती."

गिरजाबाई हसली. त्या दिवशीचं पहिलं हसू. "माझ्या म्हायेरी मोठा डोह हाय. बाळंतपणाला म्हायेरी धाडलं म्हनायचं."

२८ एप्रिल

सकाळी काटे काढले. ज्यांनी घातले त्यांनीच. माणसं कमरेपर्यंत पाण्यात, हातांनी चाचपत. मोठ्या तोंडाच्या घागरी, वर फडका. मरळ आणि शिंगाळे तेवढे घेतले. मरळ वारा खाते, ती टिकेल. राहू टिकत नाही, चार कोसांवर उलटते.

राहू तिथेच राहिले. गिरजाबाईनं रोजच्यासारखी भाकरी टाकली, "च्च च्च" केलं. ते वर आले. मी कॅमेरा उचलला नाही.

२९ एप्रिल

पहाटे उजाडताना सगळे निघाले. आठ कावडी. कॅमेरा आणू का, असं विचारलं. रखमाजी म्हणाले, "आना की." एवढंच.

ती चाल मी आधी कधी पाहिली नव्हती. गुडघे थोडे वाकलेले, टाच आधी टेकत नाही, कंबर हलते पण खांदा हलत नाही. पुढचा "हुं" म्हणतो की मागचा "हुं" म्हणतो. म्हणजे पुढं दगड आहे. दोनदा म्हणजे खड्डा. घागरीवरचा फडका कोरडा.

सकाळी नि संध्याकाळी चालायचं, ऊन चढलं की विहीर बघून थांबायचं, पाणी बदलायचं. वाटेत विहिरीवरची माणसं पाणी देतील का, अशा दिवसांत? रखमाजी म्हणाले, "दोन घागरी बदलायला मागू. जुनं पानी त्येंच्या झाडाला घालू."

माझ्यानं दीड मैल झाला. पुढं एसटी.

३ मे, देगलूर

काल सायंकाळी कावडी पोचल्या. चार दिवस. रखमाजींच्या खांद्यावर हाताएवढा घट्टा, वर रक्त. गिरजाबाईच्या दोन्ही टाचा फुटलेल्या. एका गावात पाणी दिलं नाही, एका गावात पाण्याबरोबर भाकरीही दिल्या.

आज सकाळी डोहावर. खोल, हिरवा, खडकात. गिरजाबाईचा भाऊ काठावर उभा. घागर तिरकी केली, पाण्यात काळी रेघ गेली. भाऊ उत्साहानं तिला म्हणाला, "अक्का, एन्नि?" किती, असं.

"मोजायचं न्हाई."

मी मोजत होते. थांबले.

तीन घागरींमधून जिवंत काहीच गेलं नाही. त्या गिरजाबाईनं लांब नेऊन रिकाम्या केल्या.

यातलं बरंचसं रिळावर आहे. चाल आहे, वाटेतल्या विहिरी नाहीत, डोह मात्र आहे. खडकही ओळखू येईल.

२२ मे, लातूर

शिरूरचा डोह संपला. गाळाला भेगा. कलावती सांगत होती, पाचही गावांना आठ दिवस पाणी मिळालं, तिच्या बहिणीलाही. मी "बरं झालं" म्हटलं, आणि ते खरं होतं.

कचेरीचं पत्र. टंकलिखित, शिक्का नवाकोरा:

"सदर वस्तीवर मच्छीमार आढळले. तथापि मासेमारीयोग्य जलसाठा आढळला नाही. सबब, मासे सध्या कोठे आहेत याचा पुरावा जोडल्यास नावे यादीत घेण्याचा विचार करता येईल."

पाणी यांनीच नेलं आणि आता विचारतात, मासे कुठे आहेत. एका कागदावर इतकं निगरगट्टपण मावतं हे मला माहीत नव्हतं. लाल शाईनं चुका काढल्या. तीन निघाल्या. तेवढ्यानं भागलं नाही.

पुरावा माझ्या कॅमेऱ्यात आहे.

२९ मे

रखमाजी बाजाराला आले होते, दारात उभे राहिले. वहिनीनं आपणहून पाट दिला, पाणी दिलं, गूळ दिला. मी बघतच राहिले.

पत्र वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा सावकाश.

"म्हंजे पिक्चर दावलं तर धान्य, सूत."

"हो."

"अन् डोह बी दिसल."

"हो. तिकडचे साहेब वेगळे, जिल्हा वेगळा. पण पाणी सगळ्यांनाच दिसतं."

रखमाजींनी गूळ खाल्ला, वर पाणी प्याले. मी वाट बघत होते, आता म्हणतील, नवं पाणी येईस्तोर कुणाला दावायचं नाही. मी शब्द द्यायला तयार होऊन बसले होते. ह्या खेपेला मोडला नसता.

ते उठले. "तुमी शिकलेल्या हाव, बाई. तुमीच ठरवा."

शब्द मागितला नाही.

३१ मे

अण्णा म्हणतो, पाठवून टाक, माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे. वहिनी म्हणते, पाठवू नको, गिरजाबाईचं माहेर आहे ते. जन्मात पहिल्यांदा वहिनीनं मासळीचा पक्ष घेतला.

मुंबईच्या दुकानाचा पत्ता पाकिटावर लिहून ठेवला आहे. कचेरीला जाणारं पत्रही लिहून ठेवलं आहे, चार पानी, त्याला तिकीट लावता येईल, पण पुराव्याशिवाय ते पत्र म्हणजे नुसती माझी जीभ.

रीळ अजून कॅमेऱ्यातच आहे. पुरतं संपलेलं नाही. कॅमेऱ्याच्या बारक्या खिडकीतून बघितलं तर आकडा थोडा उरलेला दाखवतो, अर्ध्या मिनिटाचा. नवं पाणी आल्यावर त्या घागरी मासळीसकट त्याच वाटेनं शिरूरला परत यायच्या आहेत.

तेवढी फिल्म राखून ठेवली आहे. काल कलावतीनं कॅमेरा पुसायला घेतला, तिच्या हातून काढून घेतला. उगाच ओरडले.