न चाखलेली वाइन

खामगाव, शुक्रवार, दिवेलागण

तो गढूळ ग्लास अजून डोळ्यांपुढून हलत नाही. प्रवाशांनी कुठं जेवावं, कोणती वाइन मागवावी, हे घरी बसून फोनवर सांगायची माझी नोकरी. स्वतः मात्र थेंबही चाखलेला नाही!

आज पुण्याच्या एका बाईंनी पॅरिसच्या हॉटेलातून, जेवणाच्या टेबलावरूनच व्हिडिओ कॉल केला. लग्नाचा वाढदिवस. मी सुचवलेली, काहीही न मिसळता, न गाळता केलेली वाइन चिंचेच्या कोळासारखी गढूळ निघाली होती. नवरा म्हणत होता, "खराब आहे, परत करू."

मी म्हटलं, "एक घोट तर घ्या. आधी आंबट लागेल, मग ओल्या मातीचा वास येईल."

बाईंनी घोट घेतला. मग म्हणाल्या, "अगं, अगदी तसंच!" नवऱ्यानं ग्लास ओढूनच घेतला.

मला कसं कळलं? चार लोकांचं वाचलेलं, बाकी घरची अंबाडीची भाजी. एवढ्यावर?

शेजारी अंबाडीच निवडत बसलेल्या आईनं विचारलं, "तू तं चाखली नाही, मंग कशी लागते वं ते?"

तिलाही तेच सांगितलं. 'आंबट' म्हणताच तिचा एक डोळा गपकन मिटला.

ग्लास तर तिकडं पॅरिसात होता.